रानरेड्यासाठी काडतूस

टांझानियात जाऊन रानरेड्याची शिकार करायची, असं अबू फहादनी उतारवयात मनावर घेतलं होतं. त्यासाठी खास दुनळी रायफल बनवून घ्यायची होती. कारागीर ठरला, दस्त्याचं लाकूड ठरलं, घोडं अडलं ते काडतुसावर. काडतुसाच्या मापानेच नळ्या घडतात, त्यामुळे ते आधी ठरवावं लागतं. नंतर मन बदललं तर बसा बोंबलत.

सौदीच्या राजधानीत, अल मलाझ भागातल्या त्यांच्या घरी, मजलिसमध्ये म्हणजे बैठकीच्या खोलीत, रोज संध्याकाळी जुने दोस्त जमायचे. त्यांचं एकच पालुपद होतं, पाचशे नायट्रो. आफ्रिकेत हत्ती लोळवणारं हे भलंमोठं काडतूस. सगळ्यांत मोठा आवाज अबू नासिर यांचा, कारण पाचशेची रायफल त्यांच्या घरात होती. त्याहून लहान म्हणजे पोरखेळ, असं ते म्हणायचे. बोलणाऱ्याचं काय जातं? रेडा काही मजलिसमध्ये शिरणार नव्हता.

कॉफी ओतता ओतता मोहियुद्दीन हे ऐकून घ्यायचा. दापोलीहून ड्रायव्हर म्हणून आला तेव्हा त्याच्या मिशा काळ्याभोर होत्या. आता तो गाडी चालवायचा, वाळवंटात तंबू ठोकायचा, बंदुका पुसायचा आणि शिकारीत मालकाच्या डाव्या हाताला उभा राहायचा. अबू फहाद त्याचे कफील, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा असतो ते मालक, होते खरे, पण दोघांचं मेतकूट चांगलं जमलं होतं. टांझानियालाही तोच सोबत जाणार होता.

एके दिवशी सकाळी दोघं शहराबाहेरच्या शूटिंग क्लबात गेले. अबू नासिर यांची पाचशे मागून आणली होती, आणि क्लबाकडे त्याहून लहान, चारशे काडतुसाची एक जुनी दुनळी होती. आधी चारशे. अबू फहादनी दोन्ही बार लागोपाठ काढले, दोन्ही भोकं एका तळहाताखाली झाकतील इतकी जवळ पडली. मग पाचशे उचलली. चाप ओढायच्या आधीच म्हाताऱ्याने डोळे गच्च मिटले. गोळी वाळूच्या ढिगात गेली, आणि दुसरा बार न काढताच बंदूक खाली आली.

“हात बसला नाही अजून,” अबू फहाद खांदा चोळत म्हणाले. “बसेल. पाचशेच घेऊ.”

मोहियुद्दीनने ते मिटलेले डोळे पाहिले होते. दुनळीतली पहिली गोळी रेड्यासाठी असते, दुसरी आपला जीव वाचवायला. डोळे मिटणारा माणूस पहिली चुकवतो आणि दुसरी मारतच नाही, मग जखमी रेडा अंगावर येतो. पण हे सांगायचं कसं? ‘तुम्ही घाबरता’ असं कुणी आपल्या कफीलला तोंडावर म्हणतं का? आणि न सांगावं, तर या माणसाला आफ्रिकेतून कापडात गुंडाळून आणावं लागेल, या विचाराने त्याला गलबलून आलं.

मग त्याला एक युक्ती सुचली. “मला एकदा मारून बघू द्या,” तो म्हणाला. बार काढायचा, खांदा धरून कण्हायचं आणि म्हणायचं, ही माणसाच्या कामाची बंदूक नव्हे. म्हाताऱ्याला निमित्त मिळालं असतं.

बेत चांगला होता, पण हाताला जुनं वळण. बापाची ठासणीची दुनळी होती. कोकणातल्या दमट हवेत तिची दारू पेटवणारी टोपी कधी पेटायची, कधी नाही, म्हणून दोन्ही चापांवर दोन बोटं ठेवून एकदम ओढायची, एक तरी बार उडेल. मोहियुद्दीनने सवयीने तेच केलं. पाचशेचे दोन्ही बार एकदम उडाले आणि तो पाठीवर वाळूत पडला. कण्हण्याचं नाटक करायची गरजच उरली नाही.

अबू फहाद धावत आले. गुडघे टेकून त्यांनी त्याचं हाड न् हाड चाचपलं, आणि सगळं शाबूत आहे म्हटल्यावर हसत सुटले. मोहियुद्दीनही वाळूत बसून हसला.

“चारशेच घेऊ,” जरा वेळाने ते म्हणाले. “मला काही झालं तर बंदूक तुलाच उचलावी लागेल. तुला पेलायला हवी.”

मोहियुद्दीनला फार बरं वाटलं.

संध्याकाळी मजलिसमध्ये अबू फहादनी हेच कारण सांगितलं. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणं म्हणतात ते हेच. सगळे हसले. अबू नासिर तर गादीवर उताणे पडून मोहियुद्दीन कसा पडला ते दाखवू लागले, आणि म्हणाले, “नोकराला झेपत नाही म्हणून मालकाने पोरखेळ घ्यायचा?” मोहियुद्दीनही हसला, पण त्याला ते लागलं. आपण मागून घेतलेलं हसं आहे, असं मनाला बजावत तो कॉफी ओतत राहिला.

अबू फहादनी पेला खाली ठेवला.

“खलास, पुरे झालं,” ते म्हणाले. “तो पडला, पण डोळे उघडे ठेवून पडला. डोळे मी मिटतो. पाचशे हातात घेतली की मला भीती वाटते. यालाही ते दिसलंय, पण माझी लाज राखायला हा गप्प बसला.”

मोहियुद्दीनचे डोळे भरून आले, तो किटली घेऊन दाराकडे वळला. हळूहळू गप्पा दुसऱ्या विषयावर गेल्या.

निघताना अबू नासिर दाराशी चपला घालत थांबले. आजूबाजूला कुणी नाही असं बघून त्यांनी मोहियुद्दीनचा दंड धरला.

“तुमची चारशे बनवणाऱ्या त्या कारागिराचा पत्ता मलाही दे,” ते हळूच म्हणाले. “मीही डोळे मिटतो.”