रांजणाची दर्शनी बाजू

मित्रांनो, मी एक जुना डिजिटल कॅमेरा आहे. आधीच सांगून टाकतो, माझ्या बॅटरीच्या झाकणाला चिकटपट्टी लावलेली आहे आणि पट्ट्यावर कुणाच्या तरी बाळाच्या दातांच्या खुणा आहेत. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. पांढरे हातमोजे आणि मग खोक्यातला अंधार, एवढंच. खोकं उघडलं ते ताईने. ती फोटोग्राफर. लग्नं, वाढदिवस, शाळांचे वर्गफोटो, सगळीकडे मी तिच्या गळ्यात मिरवलो. लोक माझं कौतुक करत आणि मी मनातल्या मनात फुगत असे. मग नवा कॅमेरा आला आणि माझी रवानगी कपाटात, मोज्यांच्या शेजारी झाली. वाईट वाटलं का? खूप वाटलं.

एक दिवस ताई माहेरी निघाली आणि तिने मला पिशवीत टाकलं. तिचे वडील कुंभार, घरभर मातीची धूळ. नव्याला ती सोसणार नव्हती. माझं काय, मला कोण विचारतो!

घरात बाबा आणि वहिनी. भाऊ ट्रक चालवतो, त्यामुळे बहुतेक दिवस बाहेरगावी. बाबांचे गुडघे आता त्यांना चाकापाशी बसू देत नव्हते, म्हणून चाक वहिनीने हातात घेतलं होतं. तिच्या कुंड्या, सुरया झकास होत. पण मोठे रांजण सुकताना तडकत, आणि तडा दरवेळी गळ्याच्या एकाच बाजूला जाई.

"एवढी भट्टी बघू," बाबा जेवताना म्हणाले. "रांजण टिकले तर ठीक. नाहीतर चाक बंद करू. हात बसत नाही म्हटल्यावर ओढूनताणून काय करायचं?"

ते रागावून बोलले असते तरी परवडलं असतं. भांडी घासताना वहिनी ताईला म्हणाली, "ताई, माती मी नीट मळते हो. चाकावर बसलं की मला दुसरं काही सुचत नाही. मग कुठं माशी शिंकते, देव जाणे."

"बघू या की," ताई म्हणाली. "आपल्याला डुलकी लागते, याला नाही लागत." आणि तिने मला पिशवीतून बाहेर काढलं.

खरं तर मलाही लागते, मित्रांनो. मला कुणी हात लावला नाही की मी थोड्या वेळाने आपोआप झोपी जातो. ताईने पहिल्यांदा माझी ती सवयच बंद केली. मग सुकवणीच्या खोलीत मला तिकाटण्यावर बसवलं. जमीन उंचसखल, म्हणून एका पायाखाली विटेचा तुकडा दिला. बॅटरीवर भरवसा नको म्हणून वायर जोडली. धुळीसाठी अंगावर प्लॅस्टिकची पिशवी, तिला भिंगापुरतं भोक. रांजणाच्या गळ्यावर नजर रोखून ती तिथंच पक्की केली, म्हणजे कुणी मधे आलं तरी मी भांबावायला नको. उजेडाचं मापही तिनेच ठरवून दिलं. फ्लॅश बंद, आवाज बंद.

"दर अर्ध्या तासाने एक फोटो," ताई म्हणाली. "मग सगळे एकापाठोपाठ पळवायचे. दिवसभराचा सिनेमा एका मिनिटात."

पहिल्या सिनेमात काहीच दिसलं नाही. एका बाजूला खिडकी, दुसऱ्या बाजूला रस्त्याकडचं दार, मधे ओले रांजण आणि त्यांच्या सरकणाऱ्या सावल्या. वहिनीचा चेहरा पडला. पण ताईने तेच फोटो पुन्हा पाहिले आणि एका रांजणाच्या गळ्यावर बोट ठेवलं. तिथं नखाएवढा ओरखडा होता.

"हा सकाळी इकडे होता. मग तिकडे गेला. आणि दुपारनंतर परत इकडे?"

"सकाळी मी प्रत्येक रांजण अर्धा फिरवते," वहिनी म्हणाली. "दुपारी खिडकीतून गरम वारा येतो ना, तो रोज एकाच अंगाला लागायला नको."

"आणि दुपारी परत फिरवतेस?"

"छे हो. दुपारी मी माती चाळत असते."

"मग तुमच्याकडे भूतबित आहे की काय?" ताई म्हणाली आणि तिने मला दर दहा सेकंदांवर लावलं.

दुसऱ्या दिवशी मी भूत पाहिलं. जेवण झाल्यावर बाबा हळूच आत आले. मागे माणूस नसला की कॅमेरा बंदच असतो, असं त्यांना वाटे. ते एकेका रांजणापाशी वाकले, डोकं कलतं करून त्याला न्याहाळलं, आणि तो अलगद अर्धा फिरवून ठेवला.

संध्याकाळी तिघं पडद्यासमोर बसली. सावल्या सरकल्या, आणि बाबांचे हात आले.

"हा म्हातारा कोण?" बाबा म्हणाले. मग त्यांना ओळख पटली.

"बाबा, अहो का फिरवता?" ताईने विचारलं.

"प्रत्येक रांजणाला एक दर्शनी बाजू असते. ती दाराकडे नको? रस्त्याने जाणाऱ्यांना दिसायला नको, माझ्या सुनेचा हात?" त्यांनी पडद्यावरच्या खिडकीवर बोट ठेवलं. "आम्ही अंगणातल्या सावलीत सुकवायचो. चारी बाजूंनी वारा. ही खिडकी माझ्या ध्यानातच आली नाही गं. रोज तीच पाठ गरम वाऱ्याला, म्हणून तडाही तिथंच."

वहिनीने पदराने डोळे टिपले. "मला वाटलं, माझं काम तुम्हाला आवडतच नाही."

"रोज जाऊन बघत होतो की."

"मला कुठं सांगितलंत?"

त्या भट्टीतून सगळे रांजण धड निघाले. चाक अजून चालू आहे. बाबा रोज दुपारी खोलीत जातात, पण हात मागे बांधून, आणि येताना वहिनीला काहीतरी सांगून येतात.

मी आता तिथंच खुंटीवर असतो. मित्रांनो, तुमच्या कपाटातही माझा एखादा भाऊ पडलेला असेल. त्याची बॅटरी काढून ठेवा, नाहीतर ती आतल्या आत गळते. अधूनमधून त्याला उजेड दाखवा. आणि कुणाचं काम आवडलं तर त्याला तोंडावर सांगा, नुसता रांजण फिरवून ठेवू नका.