लाल्याचा पल्ला

"आईकडून काहीच नाही का गं?" दादाने दारातूनच विचारलं. चिखलाचे बूट घालून तो बहिणीच्या खोलीत कधी शिरत नसे.

टेबलावर लाल्या घोड्याची वंशावळ पसरलेली होती. ती तिला पाठ होती, तरी दादा विचारतोय म्हणून तिने पुन्हा एकदा नावांवरून बोट फिरवलं. बाप लांब पल्ल्याचा, दम धरून पळणारा. आईच्या बाजूला मात्र सगळे सुसाट सुटणारे आणि लवकर संपणारे. आई तशी, आजी तशी. याच आईची आधीची शिंगरंही लांब पळणाऱ्या बापांचीच होती, पण मैलापुढे गेली की त्यांचे पाय जड व्हायचे.

"बापावर गेला असेल तर टिकेल," ती म्हणाली. "पण या घोडीची पोरं बापावर जात नाहीत, दादा."

दादा "बरं" म्हणाला आणि गेला.

हंगाम संपला की तो तबेला बंद करणार होता. त्याचा सगळा जन्म दुसऱ्यांचे घोडे तयार करण्यात गेला होता, पण हंगामातल्या त्या मोठ्या, लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरवावा असा घोडा त्याच्या हाताखाली कधी आलाच नाही. लाल्या आला तो आता, आवराआवरीच्या वेळी. दादाने हे कधी बोलून दाखवलं नव्हतं. पण लाल्याला खरारा करायला तो दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे.

ती नवरा गेल्यावर भावाकडे राहायला आली होती. वेळ जावा म्हणून तबेल्यातले जुने कागद वाचता वाचता या विद्येत पडली, आणि आता लोक घोडा घेण्याआधी तिला विचारायचे की हा किती अंतर टिकेल. वहिनी म्हणायची, या घरात कुणाला स्वतःच्या पणज्याचं नाव सांगता येत नाही, घोड्यांच्या पणज्या मात्र तोंडपाठ. तिचा अंदाज बहुतेक वेळा बरोबर यायचा. अलीकडे तिला त्याचाच शीण आला होता. कुणाच्या तरी हौसेवर पाणी ओतायचं, एवढंच काम आपल्याला उरलंय असं वाटायचं.

दुपारी लाल्याच्या मालकाचा फोन आला. मालक दातांचे डॉक्टर होते, सभ्य माणूस. दादाला वगळून तिला फोन केल्याचा त्यांना संकोच वाटत होता आणि तसं ते म्हणालेही. मोठी शर्यत आणि मैलाची शर्यत एकाच दिवशी होत्या. लाल्याला कुठल्या शर्यतीत उतरवायचं, ते त्यांना ठरवायचं होतं.

"दादांना विचारलं तर ते मोठीच म्हणतील. का म्हणतील तेही मला कळतं. म्हणून तुम्हीच सांगा, ताई. टिकेल का?"

खिडकीतून दादा दिसत होता. लाल्याच्या पुढच्या पायाशी बसून तो नळीवरून हळूहळू तळवा फिरवत होता. 'सांगता येत नाही' म्हटलं असतं तरी ते खोटं नव्हतं. तेवढ्या आधारावर डॉक्टरांनी दादाचं मन राखलंही असतं. पण दम संपल्यावर चाबकाने पळवलेल्या घोड्याची काय गत होते, ते तिने पाहिलं होतं.

"मला नाही वाटत टिकेल," ती म्हणाली.

संध्याकाळी जेवताना तिने दादाला स्वतःच सांगितलं. वहिनी वाढता वाढता थांबली. दादाने तोंडातला घास संपवला. मग तो पाणी प्यायला आणि मैलासाठी कुठला जॉकी मोकळा असेल याचा विचार बोलून दाखवू लागला.

लाल्याने मैलाची शर्यत सहज मारली. डॉक्टरांनी तिला गाठून दोनदा आभार मानले. बाकीचे घोडे परतले तरी लाल्या मात्र दिसेना. बऱ्याच वेळाने जॉकी त्याला घेऊन आला आणि उतरून दुखरे हात झटकू लागला.

"शर्यत संपली तरी थांबतच नव्हता, दादा. पार पलीकडच्या वळणापर्यंत घेऊन गेला मला. अजून तेवढंच पळाला असता." मग त्याचं लक्ष तिच्याकडे गेलं आणि तो घाईने खोगीर सोडायला वळला.

दादाने लगाम हातात घेतला. तबेल्यामागच्या नळाशी नेऊन तो लाल्याला धुवू लागला. तीही मागोमाग आली.

"दादा, माझं चुकलं असेल."

"असेल," दादा म्हणाला. "नसेलही. एकट्याने पळणं वेगळं आणि बाकीचे उरावर असताना पळणं वेगळं. आता ते कुणाला कळायचंय."

मैदानाकडून एकदम आरडाओरडा उठला. मोठी शर्यत सुटली होती. लाल्याने कान टवकारून मान तिकडे वळवली. दादाने वळून पाहिलं नाही. तो मानेवरचं पाणी हाताने निपटत राहिला.

"त्या बाजूने तू घे," तो म्हणाला. "गारठेल तो."

तिने फडकं घेतलं आणि लाल्याची पाठ पुसायला लागली. ओरडा वाढत गेला, अगदी टिपेला पोहोचला आणि मग ओसरला. कोण जिंकलं ते दोघांनीही कुणाला विचारलं नाही. पुसता पुसता तिचा तळवा घोड्याच्या बरगड्यांवर थांबला. लाल्याचा श्वास केव्हाच संथ झाला होता.