श्वासाच्या पाठीला कान

हिवाळ्याच्या उतरत्या उन्हात ते दारात उभे राहिले की आधी दिसत त्यांच्या भुवया, कापसाच्या तंतूंनी पांढऱ्या झालेल्या, जणू घरी येता येता वाटेतच ते म्हातारे झाले असावेत. मग अंगणातल्या नळावर ते तोंड धूत आणि पुन्हा तरुण होत. रेवाच्या बाबांचे ते म्हातारपण रोज संध्याकाळी पाण्याबरोबर वाहून जाई. खरे म्हातारपण त्यांच्या वाट्याला आलेच नाही.

चोपड्याच्या एका जिनिंगमध्ये ते फिटर होते. कापसातून सरकी वेगळी करणारी यंत्रे तिथे ओळीने घरघरत असत, आणि त्या घरघरीत कुणाचे काय दुखते ते यांना नेमके कळे. लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक यंत्राला टेकवायचे, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे आणि आजाऱ्याला धीर द्यावा तसे हळूच म्हणायचे, "बठ्ठं बरोबर शे." जळगावच्या पुस्तकांनी भरलेल्या घरातून मी आले होते, पण 'सगळे ठीक आहे' या माझ्या वाक्यात त्यांच्या बोलीतल्या त्या तीन शब्दांची खात्री कधी उतरली नाही.

रेवा तीन आठवड्यांची झाली आणि तिच्या श्वासाला आवाज फुटला. श्वास आत जाताना वेळूच्या पोकळीत वारा शिरावा तशी बारीक, थरथरती शीळ. दूध पिताना ती वाढे, गळ्याखालचा खळगा आत ओढला जाई आणि चार घोटांतच पोर दमून तोंड फिरवी. जळगावच्या डॉक्टरांनी बारीक दुर्बीण घालून पाहिले. स्वरयंत्रावरची कूर्चा अजून कोवळी आहे, म्हणाले, श्वासाबरोबर ती आत मिटते. दीड-दोन वर्षांत घट्ट होईल. तोवर दूध पाजून उभे धरा. ओठ निळे पडले तर तडक या. वजन वाढले नाही तर मात्र शस्त्रक्रियेचा विचार करावा लागेल. आणि आवाज वाढला की मोबाइलवर टिपून आणा.

मग आमच्या घरातला काळ त्या शिळेने मोजला जाऊ लागला. दूध झाले की ते तिला खांद्यावर उभी धरून अंगणात फिरत. उभ्याने ती शीळ मऊ होई, पारव्याच्या घुमण्याइतकी. शेजारच्या अक्का भिंतीवरून विचारत, "काय रे भाऊ, तुनी पोरनी पारवा गिया शे का?"

"नही अक्का, गाना म्हनस ती. तुमले समजाव नही."

पारवा गिळलेल्या पोरीच्या कल्पनेने अक्का हसत. मी हसत नसे. ते मात्र तिच्या इवल्या पाठीला कान टेकवून डोळे मिटत, आणि त्यांच्या पापण्यांवर राहिलेला एखादा तंतू तिच्या श्वासाबरोबर हलत असे. मी श्वास रोखून त्या तीन शब्दांची वाट पाही. ते उच्चारले गेले की मगच मला भूक लागे.

वजन सावकाश, रुसत रुसत वाढत गेले. दुसऱ्या थंडीच्या अखेरीस, सुट्टीच्या एका दुपारी, ते पाळण्याशेजारी चटईवर पडले होते आणि मी कपडे घडी करत होते. उन्हाचा तुकडा भिंतीवरून सरकत होता. एकाएकी ते ताडकन उठले, झोपलेल्या रेवाला उचलले आणि पाठीवर थापा मारून तिला जागे केले. पाळण्यातली शीळ थांबली होती, आणि यंत्र अचानक गप्प झाले की काहीतरी बिघडले, एवढेच त्यांच्या कानांना इतकी वर्षे शिकवले गेले होते. रेवाने डोळे उघडले आणि खणखणीत टाहो फोडला. ओठ लालबुंद. रडे ओसरल्यावर त्यांनी तिच्या पाठीला कान लावला. फार वेळ लावून ठेवला.

"काय ऐकू येतंय?" मी विचारले.

"काहीच नही," ते म्हणाले. "बिगर आवाजनं बी चालस, हाई माले ठावकंच नव्हतं."

भिंतीपलीकडून अक्का म्हणाल्या, "निजेल पोरले उठाडं ना? आते बस, तूच गाना म्हन."

ते खरेच गुणगुणत बसले, हातचे काम सुटलेल्या माणसासारखे, जरासे ओशाळून.

गेल्या हंगामात एका सकाळी जिनिंगमध्येच त्यांचे हृदय थांबले. यंत्रे सगळी चालू होती म्हणतात. गप्प झाले ते एकटेच.

रेवा आता पहिलीत आहे. दुपारी माझ्या कुशीत ती निजते तेव्हा तिचा श्वास सावलीसारखा ये-जा करतो. त्यांच्या मोबाइलवर डॉक्टरांसाठी टिपलेला तो आवाज अजून आहे: शीळ, मागे अंगणातल्या नळाची ठिबक, आणि शेवटी, जरा दुरून, "बठ्ठं बरोबर शे." ती शीळ थांबावी म्हणून मी दीड वर्ष देव पाण्यात ठेवले होते. आता मीच ती पुन्हा पुन्हा लावते, कारण तिच्यातून गेल्याशिवाय त्या तीन शब्दांपर्यंत पोहोचता येत नाही. काळ माणसाला नेतो तो पाऊल न वाजवता. आणि मागे उरलेल्याची आठवण म्हणजे त्या निःशब्दाच्या पाठीला कान लावून, डोळे मिटून, बसून राहणे.