डाव्या खुर्चीतले डोळे

काकूंना हल्ली विसरायला होतं, ही बातमी चौथ्या मजल्यावरून निघून तळमजल्यापर्यंत पोचली तेव्हा काकूंना मनापासून बरं वाटलं. बातमी त्यांनी स्वतःच पेरली होती. खरं तर त्यांचं डोकं असं की जावेने कुठल्या समारंभात कुणाकडून मागून आणलेला हार स्वतःचा म्हणून मिरवला, हे त्या झोपेतसुद्धा सांगू शकल्या असत्या. विसरत होते ते काका.

काका म्हणजे काही साधंसुधं प्रकरण नव्हे. उभी हयात रेडिओवर बातम्या वाचलेला माणूस. आवाज असा, की त्यांनी जेवताना "मीठ कुठंय?" विचारलं तरी कुठेतरी सरकार कोसळलंय असं वाटावं. निवृत्त झाल्यावर ते दर गुरुवारी अंधांच्या ग्रंथालयात जाऊन पुस्तकं वाचून देत, आणि ती ध्वनिमुद्रित होत. समोर कागद आणि माइक असला की काकांचं अजूनही सगळं ठणठणीत होतं. कागद बाजूला झाला की मात्र पंचाईत होती.

सुरुवात दुधाने झाली. लेक आली होती आणि तिच्यासमोरच पातेल्यातलं दूध उतू जाऊन, आटून, पातेल्याचा कोळसा झाला. काका गॅस पेटवून बाल्कनीत जाऊन बसले होते. "हे कुणी ठेवलं?" असं लेकीने विचारलं, तर काका इतक्या निर्मळ चेहऱ्याने उभे राहिले, की जणू ते या घरात आजच राहायला आले असावेत. काकूंच्या तोंडून निघून गेलं, "मीच गं ठेवलं. डोकं ठिकाणावर नसतं माझं."

एकदा तोंडून गेलं आणि मग सवयच लागली. काका बाजारात गाडी ठेवून चालत घरी आले, तर काकूंनी शेजारणीला सांगितलं की मीच यांना चालत आणलं आणि गाडीचं सांगायला विसरले. नळ उघडा राहून खालच्यांच्या भिंती ओल्या झाल्या, तेव्हा काकू स्वतः खाली जाऊन माफी मागून आल्या. चष्मा फ्रीजमध्ये सापडला. तो काकांचा होता आणि त्यांच्याच हातून तिथे गेला होता, पण त्याचंही श्रेय काकूंनी घेतलं.

हे सगळं कशामुळे, तर थोरल्या दिरांमुळे. त्यांचं असंच झालं होतं. एके काळी अख्खा कारखाना तालावर नाचवणारा माणूस, आणि शेवटी शेवटी घरातले त्यांच्यासमोरच त्यांच्याबद्दल बोलायला लागले. "यांनी खाल्लं का?" "यांना एकटं सोडू नका हं." दीर तिथेच खुर्चीत बसून एकेकाच्या तोंडाकडे बघत असायचे. त्या घरून परत येताना काका गाडीत एवढंच म्हणाले होते, "माझ्यासमोर माझ्याबद्दल असं कुणाला बोलू देऊ नकोस." काकूंनी हो म्हटलं होतं. आता काकूंनी नवऱ्याला दिलेले सगळे शब्द पाळले होते अशातला भाग नाही, पण हा त्यांनी मनावर घेतला होता. त्यांना भीती वाटत होती ती आजाराची कमी आणि लोकांच्या त्या बोलण्याची जास्त.

बरं, विसरभोळेपणाचे फायदे काही कमी नव्हते. जावेने शिलाई मशीन परत मागितली, तर काकूंनी डोळे मोठे करून "कुठली मशीन?" असं विचारलं, आणि जाऊ बिचारी त्यांच्याच पाठीवरून हात फिरवून गेली. जावयाला त्यांनी तोंडावर सांगितलं की तुम्ही फार बोलता आणि त्यात काही नसतं. पुढच्या भेटीत तेच पुन्हा सांगितलं, कारण आधी सांगितलेलं त्यांना कुठे आठवत होतं? काकू आयुष्यात इतक्या मोकळ्या कधीच झाल्या नव्हत्या.

लेकीला मात्र यातलं काही गमतीचं वाटेना. ती रडली, मग तिने चौकशा केल्या, आणि एक दिवस हातात पत्रक घेऊन उभी राहिली. डोळ्यांच्या इस्पितळात एक संशोधन चाललं होतं. डोळे तपासून माणसाचा विसराळूपणा वेळेआधी ओळखता येतो का, हे तिथले लोक बघत होते. "तुला फक्त जायचंय, आई. टोचणं नाही, कापणं नाही."

काकूंनी विचार केला, जाऊ, चार उत्तरं चुकीची देऊ आणि परत येऊ. चुकीची उत्तरं द्यायला अशी कितीशी अक्कल लागते?

घोळ तिथे गेल्यावर कळला. संशोधन करणारी डॉक्टर लेकीपेक्षाही लहान होती. केस वर बांधलेले, त्यात पेन खोचलेलं, आणि ते पेन ती टेबलभर शोधत होती. ते सापडल्यावर ती म्हणाली, "प्रत्येक पेशंटबरोबर आम्हाला घरातलंच एक धडधाकट माणूस लागतं, तुलनेसाठी. एकच घर, एकच जेवण, वयही जवळपास. काका आहेतच, तर त्यांच्याही सगळ्या तपासण्या करू."

काकू घाईने मध्ये पडल्या. "यांच्या कशाला? हे ठणठणीत आहेत."

"म्हणूनच तर," डॉक्टर म्हणाली.

"अवश्य करा," काका म्हणाले. त्या आवाजावर बाहेर बाकड्यावर बसलेली माणसंही माना वर करून बघायला लागली. आणि संमतीच्या कागदांवर त्यांनी अशा झोकात सह्या ठोकल्या, की चाहत्यांच्या वह्या पुढे आल्यात असं वाटावं.

आधी तोंडी परीक्षा झाली. काकूंनी आपला पेपर मन लावून बिघडवला. पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले, त्यातले दोन सांगून तिसरा मनाचाच घुसडला. घड्याळ काढायला सांगितलं, तर त्यात तेराचा आकडा घातला आणि काटे काढलेच नाहीत. हुशार माणसाला ढ होताना जो आनंद होतो तो त्यांनी पुरेपूर घेतला. मग काका आत गेले आणि काकू दाराला कान लावून बसल्या. आतून "आज वार कोणता?" असं ऐकू आल्याबरोबर त्यांनी बाहेरच्या शिपायाला खणखणीत विचारलं, "काय हो, आज बुधवारच ना?" शिपायाने हो म्हणायच्या आत आतून काकांचा आवाज आला, "बुधवार." पाच शब्दांच्या वेळी मात्र काकूंचा इलाज चालेना. पण काकांनी तिथे एका जुन्या मंत्र्याचा किस्सा सुरू केला, तो इतका रंगला की डॉक्टर हसता हसता शब्दांचं विसरली. आठवण झाली तेव्हा तिने काकांना आठवलेल्या दोन शब्दांवरच भागवलं. काका काठावर का होईना, पास झाले.

शेवटी उरलं ते यंत्र. एका अंधाऱ्या खोलीत दोन खुर्च्या, मध्ये पडदा, समोर एकेक स्क्रीन. हनुवटी पट्टीवर टेकवायची, कपाळ पुढे लावायचं आणि नुसतं बघायचं. काका डावीकडे बसले, काकू उजवीकडे. स्क्रीनवर चित्रं येत होती. एक शेळी, एक कंदील, एक मोडकी सायकल. थोड्या वेळाने तीच शेळी आणि तिच्या बाजूला एक छत्री. कुणी काही विचारत नव्हतं, कुणी काही लिहून घेत नव्हतं. काकूंना जरा हिरमुसल्यासारखं झालं. उत्तरच द्यायचं नाही, तर चुकवायचं काय? मग त्यांना हायसं वाटलं, की चला, यात काकाही चुकणार नाहीत. घरी जाताना त्या इतक्या खुशीत होत्या की गाडी कुठे लावली हे काकांना आठवत नसताना त्यांनी तेही आपल्याच अंगावर घेतलं.

महिनाभराने इस्पितळातून बोलावणं आलं. लेकच दोघांना घेऊन गेली. डॉक्टर आज टेबलामागे न बसता अलीकडे येऊन बसली होती आणि तिचे कान लाल झाले होते.

"आधी माफी मागते," ती म्हणाली. "आमच्याकडून घोटाळा झालाय. तुमची दोघांची नोंद उलटी झाली असं दिसतंय."

"म्हणजे?" लेकीने विचारलं.

"ती चित्रं आठवतात? माणसाने एकदा पाहिलेलं चित्र पुन्हा समोर आलं की त्याचा डोळा तिकडे फारसा थांबत नाही, नव्या चित्राकडे जातो. हे आपण ठरवून करत नाही, डोळा आपला आपणच करतो. ज्याला आठवत नाही त्याला दोन्ही चित्रं नवीच. त्याची नजर दोन्हींवर सारखीच फिरत राहते. आता काकूंच्या नावावर जी नोंद आहे ती एखाद्या तरुण मुलीला शोभेल अशी आहे. आणि काकांच्या नावावरची..." ती थांबली. "तर नक्कीच खुर्च्यांची अदलाबदल झाली असणार. तंत्रज्ञ म्हणतो झाली नाही. पण त्याशिवाय हे जुळत नाही."

काकूंना एका क्षणात दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे आपण तोंडाने वर्षभर खोटं बोललो आणि डोळ्यांनी मात्र चहाडी केली. दुसरी म्हणजे देवाने समोर एक दार उघडून ठेवलंय.

"झालीच होती अदलाबदल," त्या म्हणाल्या. "मी डावीकडे बसले होते. उजवीकडे पंख्याचा वारा येत होता ना, म्हणून."

डॉक्टरच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं दिसलं. लेकीने आईचा हात धरला. काका खिडकीबाहेर बघत होते.

"मग बरंच झालं, वेळेत कळलं," डॉक्टर म्हणाली. "कारण डाव्या खुर्चीतल्या माणसाच्या बाबतीत थांबून चालणार नाही. यावर आता औषध आहे, काकू. बरं करत नाही, पण वेग कमी करतं. आहे ते जास्त दिवस टिकतं. मात्र ते सुरुवातीलाच द्यावं लागतं. उशीर झाला की त्याचा उपयोग नाही. तुमचं लगेच सुरू करू."

काकूंचं डोकं भराभर चालायला लागलं. "गोळ्या असतात का?" त्यांनी विचारलं. गोळ्या असल्या तर प्रश्नच मिटला. कुटून दुधात घालू, मधात चाटवू, वेळ पडली तर जीवनसत्त्वं म्हणून खपवू. लग्न झाल्यापासून त्यांनी या माणसाच्या पोटात त्याच्या नकळत काय काय घातलं होतं.

"गोळ्या नाहीत. सलाईनमधून देतात. दर पंधरा दिवसांनी इथे यायचं, आमच्या देखरेखीखाली. मधूनमधून मेंदूचा फोटोही काढतो."

सलाईन दुधातून देता येत नाही. एकीकडे औषध होतं, दुसरीकडे दिलेला शब्द होता, आणि दोन्ही एकाच माणसासाठी होतं. त्यांना रडू यायला लागलं आणि त्याचा त्यांना भयंकर राग आला.

"एक औपचारिकता आहे," डॉक्टर केसांतलं पेन काढत म्हणाली. "नोंद दुरुस्त करायची तर दोघांनीही सांगायला हवं. काका, त्या दिवशी तुम्ही कुठल्या खुर्चीत बसला होतात?"

काका हसले. मग त्यांनी हळूच मान वळवून काकूंकडे पाहिलं.

हा माणूस उभ्या आयुष्यात कुणाला रस्ता विचारायला थांबला नव्हता. चुकून भलत्या गावाला पोचला, तरी आपल्याला इथेच यायचं होतं असं सांगायचा. तो आता काकूंच्या तोंडाकडे बघत होता, थोरले दीर बघायचे तसा. डॉक्टरच्या हातातलं पेन तसंच राहिलं. तिने आधी काकांकडे पाहिलं, मग काकूंकडे, आणि तिच्या लक्षात आलं. लेकीच्याही आलं, कारण तिची हातावरची पकड एकदम घट्ट झाली. खोलीत कुणीच कुणाबद्दल काही बोललं नाही, आणि त्याबद्दल काकू त्या डॉक्टर पोरीला जन्मभर दुवा देणार होत्या.

बोलायचं ते काकूंनाच बोलायचं होतं. त्या डॉक्टरकडे न बघता काकांकडेच वळल्या. त्यांच्याबद्दल बोलायचं नव्हतं, त्यांच्याशी बोलायचं होतं.

"अहो," त्या म्हणाल्या, "अदलाबदल झाली नव्हती. डाव्या खुर्चीत तुम्ही बसला होतात. मी उजवीकडे होते. तिथे पंखासुद्धा नव्हता. दूध तुम्ही ठेवलं होतंत. गाडी तुम्ही बाजारात विसरलात, नळ तुम्ही उघडा ठेवलात. मी काही विसरत नाही. वर्षभरात मी एकही गोष्ट विसरलेले नाही. ते औषध तुम्हाला घ्यायचंय, आणि मी दर वेळी बरोबर येणार आहे."

काका सगळं लक्ष देऊन ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उजळत गेला. त्यांनी काकूंचा हात लेकीच्या हातातून सोडवून आपल्या हातात घेतला आणि डॉक्टरकडे पाहिलं.

"बघा," ते आपल्या त्या आवाजात म्हणाले, "सगळं कसं धडाधड आठवलं हिला. मी सांगत होतो, काही झालेलं नाही म्हणून." मग त्यांनी काकूंचा हात थोपटला. "आणि समजा विसरलीस पुन्हा, तर मी आहे ना लक्षात ठेवायला."