इंद्रीची तालीम

माझी बायको आयुष्यभर एका हौशी नाटक मंडळीची प्रॉम्प्टर होती. विंगेतल्या अंधारात स्टुलावर बसायचं आणि नट अडकला की पुढचं वाक्य असं कुजबुजायचं, की ते त्याला ऐकू जावं आणि पहिल्या रांगेला जाऊ नये. हे काम तिच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की घरी आल्यावरही सुटत नसे. घरात अडकणारा नट मी होतो.

मी ग्रंथालयात संदर्भ विभाग सांभाळायचो. पुस्तकांशी माझं छान जमायचं, कारण ती आपण होऊन बोलायला येत नाहीत. माणूस हसत पुढे आला की माझी पाचावर धारण बसते. पण कुठल्याही समारंभात माझ्या डाव्या खांद्यामागून बारीक आवाज यायचा, "तुमचा आतेभाऊ. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. विचारा." मी विचारायचो. "आता हसा." मी हसायचो. लोक म्हणत, मनुष्य अबोल आहे, पण मायाळू आहे. ती सगळी माया विंगेतली.

गेल्या वर्षी ती कुजबुज मला ऐकू येईनाशी झाली.

कानाच्या डॉक्टरांकडे मी एकटाच गेलो. त्यांनी मला एका बंद खोलीत बसवून कानांत शिट्ट्या वाजवल्या आणि सांगितलं, की म्हातारपणी बारीक, उंच पट्टीतले आवाज आधी जातात, जाडेभरडे मागाहून. मागाहून म्हणजे कधी, हे विचारायचं मला सुचलं नाही. विचारा म्हणून सांगणारं मागे कुणी नव्हतं. घरी येऊन मी डोळे तपासून आलो असं सांगितलं आणि त्याच संध्याकाळी जाहीर केलं, की आपण बेटावर जायचं.

हे बेट माझं तरुणपणापासूनचं वेड. विषुववृत्ताच्या खाली, समुद्रात एकटं पडलेलं, अख्खा देश मावेल एवढं. तिथले बहुतेक प्राणी जगात इतर कुठेच नाहीत. अंगापेक्षा लांब जीभ फेकणारे सरडे तिथे आहेत, आणि लेमूर आहेत. लेमूर म्हणजे माकडं नव्हेत. हा फरक मी समजावून द्यायला लागलो की घरातल्या माणसांना गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवतं. त्या लेमुरांत एक असतो इंद्री. काळापांढरा, बिनशेपटीचा म्हणावा इतक्या तोकड्या शेपटीचा. सकाळी झाडावर बसून तो जोडीदारणीबरोबर गातो आणि ते गाणं डोंगरापलीकडे जातं. पिंजऱ्यात तो जगत नाही, त्यामुळे जवळच्या प्राणिसंग्रहालयावर भागवता येत नाही. फोनवर मी ते गाणं ऐकलं होतं, पण फोनमधला इंद्री म्हणजे बाटलीवरच्या चित्रातला आंबा.

मला तो खरा ऐकायचा होता. जाडेभरडे आवाज शाबूत आहेत तोवर. हे शेवटचं वाक्य मात्र मी कुणाला सांगितलं नव्हतं.

"जाऊ या," बायको म्हणाली. "पण तालमीशिवाय पडदा वर जाणार नाही."

ती हे नाटकाविषयी म्हणत नव्हती. आमच्याकडे बँकेत खातं उघडायचं असलं तरी तालीम होते. रविवारी तिनं तिच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, म्हणजे माझ्या साडूला, बोलावून घेतलं. त्याला सगळे फौजदार म्हणतात. तो पोलिसात कधीच नव्हता, वजनमापे खात्यात होता. पण दुकानदारांवर ओरडून ओरडून आवाज तसा झाला आणि नाव चिकटलं.

"कुठलं जनावर म्हणालात?" त्यानं बूट काढता काढता विचारलं.

"इंद्री."

"आणि हे तुम्ही चारचौघांत बोलता?"

"नावच आहे ते."

"असेल. आमच्याही शाळेत होतं, पण मास्तर ते पान उलटायचे." मग बायकोकडे वळून, "धाकटे, तुझ्या नवऱ्याला आवर. परदेशात जाऊन 'इंद्री दाखवा, इंद्री दाखवा' म्हणत फिरला तर आत टाकतील."

"भाऊजी, तुम्ही अधिकारी आहात. टेबलामागे बसा आणि वेडावाकडा विनोद करू नका. अधिकारी विनोद करत नाहीत."

पहिला प्रवेश विमानतळावरचा होता. जेवणाचं टेबल म्हणजे खिडकी, स्वयंपाकघर म्हणजे तो देश. फौजदारानं माझी जुनी टोपी घातली, शिक्का म्हणून औषधाच्या बाटलीचं झाकण घेतलं आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी वजनात मारलेला किराणा आहे. बायको फ्रिजच्या मागे उभी राहिली. माझ्या हातात बॅग.

"का आलात आमच्या देशात?"

उत्तर मला माहीत होतं. आदल्या दिवशी ते घोटून घेतलं होतं. पण टोपीखालचे ते डोळे पाहिले आणि डोकं धुतल्यासारखं स्वच्छ झालं. मी फ्रिजकडून काही येतं का याची वाट पाहिली. फ्रिजकडून काही आलं नाही.

"बहिरे आहात का? का आलात?"

"सहज," मी म्हणालो.

"सहज! अख्खा समुद्र ओलांडून सहज! भाजी आणायला निघाला होता आणि वाट चुकली? सामानात काय आहे?"

मी पुन्हा थांबलो. मग काहीतरी बोलायलाच हवं म्हणून जे मनात होतं तेच तोंडातून गेलं.

"बायको."

फौजदाराला हे इतकं आवडलं की त्यानं टेबलावर हात आपटला. "बायको सामानात! वजन करा! जादा वजनाचे पैसे भरा, नाहीतर माघारी चला!"

बायको फ्रिजमागून बाहेर आली. ती रागावेल असं मला वाटलं होतं, पण तिनं फक्त माझ्याकडे निरखून पाहिलं. प्रयोगाला येण्याआधी नट कुठे बसून आलाय, हे ओळखायची तिची एक नजर आहे. ती ही.

"मी दोन्ही वेळा सांगितलं," ती म्हणाली.

"लक्ष नव्हतं माझं."

"बरं. दुसरा प्रवेश. जंगल. गच्चीवर चला."

गच्चीवर कुणाच्या तरी चादरी वाळत होत्या. बायकोनं मला कठड्याशी, पाण्याच्या टाकीकडे पाठ करून उभं केलं. फौजदाराला इंद्रीचं काम दिलं. जनावर व्हायला तो चटकन तयार झाला. फक्त खिशातले शेंगदाणे संपवून मग गाईन म्हणाला. बायकोनं मला समजावलं, की जंगलात बोलायची बंदी असते, म्हणून गाणं ऐकू आलं की नुसता हात वर करायचा. वळून बघायचं नाही.

मला ते पटलं. जंगलाची शिस्त असेल, असं वाटलं. मी इतका सरळ माणूस आहे, की इतकी वर्षं संदर्भ विभाग सांभाळूनही मला माझ्याच घरातला संदर्भ लागला नाही.

मी उभा राहिलो. समोर दुसऱ्या इमारतींच्या गच्च्या, तारा, एका बाईनं झटकलेली सतरंजी. सतरंजीचा आवाज मला आला नाही, पण ती लांब होती. वेळ जात होता. फौजदाराचा आवाज मला येत नाही म्हणजे सगळं संपलंच, हा विचार आधी पायांत आला आणि मग वर चढत गेला. तो ओरडला असणार. कदाचित दोनदा ओरडला असेल. दोघंही माझ्या पाठीकडे बघत असतील. तेवढ्यात कठड्यावरची कबुतरं भर्रकन उडाली. मी मनाशी म्हटलं, ही याच्याच आवाजानं उडाली. आणि हात वर केला. नुसता वर केला नाही, तर डोळे मिटून मान हलवली, गाणं पोटात गेल्यासारखी.

मग वळलो.

फौजदार टाकीच्या पुढेच उभा होता. त्याचं एक बोट तोंडात होतं.

"अहो, मी अजून तोंडसुद्धा उघडलं नाही," तो म्हणाला. "दाढेत दाणा अडकलाय."

बायकोनं हातांची घडी घातली होती.

"डोळ्यांचे डॉक्टर हल्ली कानात बघतात वाटतं," ती म्हणाली. ती मोठ्यानं बोलत होती. मला प्रथमच जाणवलं, की ती गेले कित्येक महिने अशीच मोठ्यानं बोलतेय. "परवा आतेभावाला विचारलंत, मुलगी कशी आहे. त्याला मुलगी आहे? मी मागून 'सून, सून' करून थकले. तो बिचारा घरी जाऊन बायकोला काय म्हणाला असेल!"

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"माझा धंदा आहे तो. समोरच्याला ऐकू जातंय की नाही, हे मला नाही कळणार तर कुणाला?"

मी कठड्याला टेकलो. "मग राहू दे ते बेट," मी म्हणालो. "तिकडे जाऊन काय, फांदीवर तोंड हलवणारी जनावरं बघायची?"

मग फौजदारानं दाढेतला दाणा काढला, नीट पाहिला आणि फेकून दिला.

"राहू दे काय राहू दे? माझा प्रवेश बाकी आहे. इतके जिने चढून आलोय मी."

तो टाकीमागे गेला. बायकोनं मला धरून पुन्हा पाठमोरं केलं. आणि मग आवाज आला. सर्दी झालेल्या ट्रकचा भोंगा कुणीतरी हळूहळू पिळावा तसा, खालून वर चढत जाणारा, मध्येच चिरकणारा. इंद्रीला तो ऐकवला असता तर त्यानं अब्रूनुकसानीचा दावा लावला असता. मला तो शेंड्यापासून बुडख्यापर्यंत ऐकू आला. मी हात वर केला, दोन्ही केले. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ अर्ध्या दाढीला साबण लावून वर आले आणि कुणाला काय झालं म्हणून विचारू लागले.

"काही नाही," फौजदार म्हणाला. "आमच्या साडूंना इंद्री ऐकायची होती."

गृहस्थ माझ्याकडे एकदा बघून खाली गेले. ते आता मला जिन्यात भेटले की पेपर वाचत उतरतात.

मला इतका आनंद झाला होता की मी हसतच सुटलो. हसू ओसरल्यावर लक्षात आलं, की बायको शेजारी नाही. ती टाकीमागून येत होती आणि साडीचा पदर नीट करत होती.

"मी पण गायले," ती म्हणाली. "जोडीनं असतं ना ते."

"कधी?"

तिनं पदर पुन्हा खोचला. फौजदार खिशात दाणे चाचपू लागला. "नशीबवान आहात," तो शेवटी म्हणाला, "मला तिच्या बहिणीचा शब्द न् शब्द ऐकू येतो." पण त्यात नेहमीचा जोर नव्हता.

बायकोनं तेवढ्यात काहीतरी ठरवलं असावं. खाली येऊन तिनं शिवणाच्या डब्यातून जाड दोरा काढला. त्यांच्या मंडळीत एक जुना नट होता, ठार बहिरा, पण राजाच्या भूमिकेला दुसरा कुणी नव्हता. ही त्याच्या बोटाला दोरा बांधून दुसरं टोक विंगेत धरून बसायची. एक ओढ म्हणजे बोला, दोन म्हणजे पुरे. राजा दोऱ्याची वाट बघत थांबायचा, आणि लोकांना वाटायचं, काय भारदस्त विराम घेतोय. त्याला बक्षीस मिळालं होतं.

तिनं दोरा माझ्या करंगळीला बांधला, बाहीतून मागे घेतला.

"बैलाला वेसण," फौजदार टोपी घालत म्हणाला. "चला. का आलात आमच्या देशात?"

करंगळीला ओढ लागली.

"तुमच्याकडे एक जनावर जोडीनं गातं," मी म्हणालो. "त्यातला एक आवाज मला येईल. दुसरा हिला येईल. तो सुरू झाला की ही दोरा ओढेल."

हे घोटलेलं उत्तर नव्हतं. फौजदारानं झाकण उचललं, पासपोर्टऐवजी माझ्या मनगटावर दाबलं आणि टोपी घालूनच नाक शिंकरायला स्वयंपाकघरात निघून गेला. तो देश त्याला आता मोकळाच होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही प्रवास कंपनीच्या कचेरीत गेलो. काउंटरवरच्या बाई हसत पुढे झाल्या. मी घाबरलो, पण करंगळीला ओढ लागली आणि मी तिकिटं मागितली. तारखा सांगितल्या. सकाळी लवकर जंगलात नेणारा माणूस हवा, हेही सांगितलं. यातलं निम्मं ओढ न लागता.

"खिडकीची जागा कुणाला देऊ?" बाईंनी विचारलं.

"हिला," मी म्हणालो. "इंद्रीमध्ये उत्तम फांदी नेहमी मादीची असते. नर खाली बसतो, मिळेल ते खातो आणि गाताना तिच्या..."

बाईंचं बोट कीबोर्डवरच थांबलं.

करंगळीला ओढ लागली. एक. मग लगेच दुसरी, चांगली रक्त थांबेल अशी.