केबिनीतली ऊब

"चावी कुठाय?" अर्वोनं तिसऱ्यांदा विचारलं.

हिल्मा पावाची कणीक मळत होती. नवऱ्याकडं बघायला तिनं मान काही वर केली नाही.

"मला काय ठावं? ट्रॅक्टर तुमचा, चावी तुमची."

"काल खुंटीवर व्हती."

"मग खुंटीला इचारा."

चावी पिठाच्या डब्यात होती, पार तळाला. खिडकीबाहेर मोसमातला पहिला बर्फ भुरभुरत होता आणि तो दिसताच हिल्मानं चावी तिथं लपवली होती. तसं बर्फाचं तिला नवल नव्हतं. मिशिगनच्या पार वरच्या टोकाला, थोरल्या तळ्याच्या काठी तिचा जन्म गेला होता. तिथं बर्फ माणसाच्या डोक्यावरून जातो आणि माणसं नुसतं 'जरा पडतंय' म्हणतात. पण यंदाची गोष्ट वेगळी होती.

अर्वोचा ट्रॅक्टर बुटका, तीस वर्षांचा, पेट्रोलवर चालणारा. पुढं बर्फ उडवायचं यंत्र लावलेलं. ते बर्फ गिळायचं आणि नळकांड्यातून बाजूला फेकायचं. वारा फिरला की तोच बर्फ भुकटी होऊन बसणाऱ्याच्या तोंडावर यायचा. डोक्यावर ना छप्पर, ना पुढं काच. मागच्या जानेवारीत घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंतची पाव मैलाची वाट साफ करून अर्वो आत आला, तेव्हा त्याच्या दाढीतला बर्फ वितळायला चुलीपाशी तासभर लागला. तिसऱ्या दिवशी छाती भरली. तीन आठवडे दवाखाना झाला. घरी सोडताना डॉक्टरनं हिल्माला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "पुन्हा अशी छाती भरली तर मला नाही, पाद्रीबाबांना बोलवा."

हे तिनं अर्वोला सांगितलं नव्हतं. सांगून तरी तो कुठला भितोय? त्या घरात भ्यायचं काम तिच्याकडंच होतं आणि ते ती मन लावून करायची.

"केबिन बसवल्याबिगर चावी न्हाई," ती शेवटी म्हणाली.

"केबिन? त्या बुटक्याला? अगं, लोकं हसतील."

"हसू द्यात. मढ्याला कुणी हसत न्हाई, त्यापरीस हे बरं."

अर्वो सावकाश बूट काढून चुलीपुढं बसला. तो म्हाताऱ्यासारखा बसला हे बघून तिला आणखीच भीती वाटली.

मग सुरू झाली शोधाशोध. तालुक्याच्या ट्रॅक्टरवाल्याला फोन केला तर तो हसलाच. "बाई, ते बुटके बनवायचं कारखान्यानं बंद केलं त्याला जमाना झाला. केबिन कुठली? नवा ट्रॅक्टर घ्या, केबिन फुकट येईल." हिल्मानं दुकानाच्या फळ्यावर चिठ्ठी लावली. एकानं केबिन आणूनही दाखवली, पण ती मोठ्या ट्रॅक्टरची. बुटक्यावर ठेवली तर नाकापेक्षा मोती जड. दुसऱ्याची उंदरांनी खाल्लेली. दिवस चालले, बर्फ गुडघ्याला लागला. अर्वो फावड्यानं वाट काढायला लागला आणि दर दहा फावड्यांनी खोकायला लागला.

मग एका सकाळी तिला रूडीची आठवण झाली. खरं म्हणजे आठवण पहिल्या दिवशीच झाली होती, धीर होत नव्हता.

रूडी म्हणजे पलीकडच्या शेतातला. त्याच्याकडं अगदी अस्साच बुटका ट्रॅक्टर होता. तो गंजून मेला, पण त्याची केबिन गोठ्यात आढ्याला टांगलेली होती. लोखंडाची चौकट, जाड कॅनव्हास, पुढं काच, बाजूंना आणि मागं प्लॅस्टिकच्या खिडक्या. अडचण एकच. रूडी आणि अर्वो अकरा वर्षं बोलत नव्हते. एका शनिवारी रूडीच्या साउनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीत, दहा माणसांदेखत अर्वो म्हणाला होता, "रूडी, हितं बटाटं ठेव, सालभर सडणार न्हाईत." त्या मुलखात माणसाच्या बायकोला नावं ठेवली तर एकवेळ चालतं, साउनाला गार म्हटलेलं खपत नाही.

हिल्मा रूडीच्या दारात गेली. तिनं सगळं सांगितलं, डॉक्टरचं बोलणंसुद्धा. सांगताना तिला रडू फुटलं.

रूडी दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होता. "वैनी, केबिन न्या. मला काय तिच्यात कोंबड्या ठिवायच्यात? पर एक अट हाय. त्यानं शनवारी माझ्या साउनात यायचं, वरच्या फळीवर बसायचं आन् चार माणसांत म्हनायचं, रूडी, गरम हाय."

घरी येऊन तिनं अट सांगितली तर अर्वो म्हणाला, "मरंन पर म्हननार न्हाई."

"मरायचीच तयारी चाललीया तुमची!"

तो हळूच म्हणाला, "बरं. आदी केबिन, म्हननं नंतर."

केबिन बसली. बोल्ट जुळेनात म्हणून अर्वोनं चाकांवरच्या पत्र्याला नवी भोकं पाडली. इंजिनाच्या दोन्ही बाजूंना कॅनव्हासचे पडदे सोडले, म्हणजे इंजिनाची गरम हवा मागं सरकून बसणाऱ्याच्या पायाशी येते. हिल्मानं फाटलेलं सगळं सुईदोऱ्यानं शिवलं. तरी तिचं समाधान होईना. क्लचपाशी फट, दारापाशी फट, मागच्या खिडकीच्या कडेनं फट. ती आत बसून ओला हात फिरवायची, वारा कुठून येतो ते बघायची. मग आईच्या हातची लोकरीची गोधडी तिनं फाडली आणि तिच्या पट्ट्या एकेका फटीत कोंबल्या.

"आता ह्यात मुंगीबी शिरायची न्हाई," अर्वो म्हणाला.

"मुंगीचं मला काय, गारठा शिरू नये."

एक गोष्ट मात्र दोघांच्याही ध्यानात आली नाही. इंजिनाच्या धुराच्या नळीला चीर गेली होती आणि तिच्यावर अर्वोनं सहा वर्षांपूर्वी सूपचा रिकामा डबा कापून तारेनं आवळला होता. त्या भागात प्रत्येक ट्रॅक्टरला असा एखादा डबा असतोच. उघड्या हवेत त्याचं कधी काही बिघडलं नव्हतं.

पहिल्या दिवशी अर्वो अर्ध्या तासात वाट साफ करून आला. कोट उघडा, टोपी हातात, गाल लालबुंद. हिल्मानं ते गाल दोन्ही हातांत धरले.

"बघा, कसं ऊन लागत्यात! नव्या नवऱ्यावानी दिसताय."

"डोकं जरा ठणकतंय," तो म्हणाला.

"इंजिनाचा आवाज कोंडतो आत. कॉफी घ्या."

दुसऱ्या दिवशी डोकं जास्त ठणकलं, जेवण गेलं नाही, जिन्यावर झोक गेला. हिल्मानं ताप बघितला, ताप नव्हता. छातीला कान लावला, छाती साफ होती. मग ही कसली गत? गारठाच शिरतोय कुठून तरी, असं तिनं ठरवलं. माणूस एका भीतीनं झपाटला की दुसरीकडं त्याचं लक्षच जात नाही. ती आपल्या गोठ्यात ट्रॅक्टरपाशी गेली आणि उरलेल्या गोधडीनं छताखालची शेवटची फट बुजवली.

तिसऱ्या दिवशी तळ्यावरून वादळ आलं. सकाळचे दहा वाजले होते पण उजेड दुधासारखा पांढरा, दहा हातांवरचं दिसेना. "जाऊ नगा," ती म्हणाली. "आज न्हाई गेलो तर उद्या ट्रॅक्टरला झेपायचं न्हाई," तो म्हणाला आणि गेला.

ती खिडकीशी उभी राहिली. दिसत काही नव्हतं, पण कान होते. यंत्र बर्फात शिरलं की आवाज जड व्हायचा, मागं घेतलं की हलका. जड, हलका. जड, हलका. भांडी घासताना ती त्या आवाजाला धरून होती. मग आवाज हलका झाला आणि हलकाच राहिला.

तिनं दहा मोजले. मग वीस. तिनं भांडं तसंच टाकलं.

कोट अंगात घालायचं सुचलं नाही. दारातलं लोखंडी फावडं घेऊन ती साफ केलेल्या वाटेनं धावत सुटली. एकाहत्तर वर्षांची बाई, दोनदा पडली. "देवा, छाती नको, देवा, छाती नको," एवढंच तोंडात. वाटेच्या वळणावर ट्रॅक्टर दिसला. बाजूच्या ढिगात तोंड खुपसून तो नुसता घुरघुरत होता. दाराची बाजू बर्फात गाडली गेली होती. खिडकीला आतून वाफ धरली होती. एका कोपऱ्यात वाफ कमी होती, तिथं तिनं डोळे लावले. अर्वोची मान खांद्यावर पडली होती. आणि गाल? गाल लालबुंद.

तेवढ्यात इंजिनाच्या पडद्याखालून एक ऊन झुळूक तिच्या तोंडावर आली. वास कडू होता. त्या वासानं ती साठ वर्षं मागं गेली. बापाची जुनी धुराची न्हाणी. आत लाकडं जळायची, धूर भिंतीतल्या झरोक्यातून पुरता जाईपर्यंत कुणी आत जायचं नाही. धाकट्या भावाला, लाउरीला, थंडी वाजली म्हणून त्यानं झरोका आधीच बुजवला आणि फळीवर जाऊन बसला. आईनं त्याला ओढून बाहेर काढला तेव्हा त्याचे गाल असेच सफरचंदासारखे होते. हिल्मा रडत उभी होती आणि त्याला ओढता ओढता आई बुजवलेल्या झरोक्याकडं बोट करून ओरडली होती, "आदी भोक पाड, मग रड!"

हिल्मानं फावडं उचललं आणि मागच्या खिडकीवर घातलं. थंडीनं कडक झालेलं प्लॅस्टिक तडतडून फुटलं. दुसरा घाव, तिसरा घाव. तिनं श्वास कोंडून आत हात घातला आणि चावी फिरवली. इंजिन गप्प झालं आणि वादळाचा आवाज एकदम मोठा झाला. कोंबलेली गोधडी तिनं मुठी भरभरून उपसली. अर्वोच्या काखेत हात घालून त्याला फुटक्या खिडकीतून ओढलं. तो कणकेच्या गोळ्यासारखा जड झाला होता. कसं ओढलं ते तिला पुढं कधी सांगता आलं नाही. दोघं मिळून बर्फात आदळले.

"श्वास घ्या! अवं, घ्या की! गार हवा घ्या! हवी तेवढी गार घ्या!"

ज्या गारठ्याला ती दोन महिने शिव्या घालत होती, तोच ती आता ओंजळीनं त्याच्या तोंडावर घालत होती. कितीतरी वेळानं त्याची छाती हलली. मग तो ओकला. त्याच्या तोंडावरची घाण एप्रनच्या टोकानं पुसताना ती मोठ्यानं रडली. आता रडायला हरकत नव्हती.

अर्वोला आधार देत घरात आणून तिनं पहिला फोन रूडीला केला. तो स्की घालून मोठ्या रस्त्यानं आला, मागून त्यानं बोलावलेली रुग्णवाहिका आली. दवाखान्यात अर्वोच्या नाकाला दिवसभर प्राणवायू लावला होता. हिल्मा बाहेरच्या बाकावर हातांकडं बघत बसली होती.

"माझ्या हातानं मारत व्हते मी त्यास्नी, रूडी. ह्याच हातानं फटी बुजवल्या."

रूडीनं गालफड खाजवलं. "वैनी, गोधडी तुमची, डबा त्याचा, केबिन माझी. तिघांनी मिळून मारला असता, मग बोट कुनाकडं दावायचं?"

दुसऱ्या शनिवारी अर्वो रूडीच्या साउनात वरच्या फळीवर बसला. हिल्मा बाहेरच्या खोलीत टॉवेल घेऊन थांबली होती. आतून बराच वेळ काही आवाज आला नाही. तिचा धीर सुटला.

"रूडी! झरोका उघडा हाय का?"

"उघडा हाय, वैनी! तुमच्या नवऱ्याचं तोंड तेवडं बंद हाय!"

आत चारजण हसले. मग अर्वोचा आवाज आला, जड, नाइलाजाचा. "रूडी. गरम हाय." आणि जरा थांबून, "बटाटं शिजत्याल."

रूडीनं धुराची नळी नवी बसवून दिली. अर्वो म्हणाला, आता मागची खिडकीही बसवू. हिल्मा फावडं घेऊन दारात उभी राहिली. खिडकी बसली नाही. पुढून काच, वरून छप्पर, तोंडावर बर्फ नाही, एवढं पुरे झालं.

पुढच्या बर्फाला अर्वो वाट साफ करून आला. ती पायरीवरच वाट बघत होती. तिनं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. गाल फिकट, नाक निळसर आणि बर्फासारखं गार.

"गारठलो गं," तो कुरकुरला. "मागून नुसता वारा मारतोय."

"मारू द्या," ती म्हणाली आणि ते गार नाक तिनं आपल्या गालाला लावून धरलं.