बायकांचं पातेलं

उंद्रीचे रामराव तालुका लोकल बोर्डाचे मेंबर होते. शाळेत, चावडीवर, जागा मिळेल तिथे ते स्वच्छतेवर भाषण ठोकत. आणि त्यांच्याच घरात रोज सकाळी काय चाले, ते ऐका!

पुरुषांच्या न्याहारीला तव्यावरची भाकरी आणि ताजं लोणी. ती वाढून झाली की रामरावांची बायको वच्छला दाराआड बसून ज्वारीच्या कण्या खाई. त्या कालच्या, ताकात कालवून पितळी पातेल्यात झाकून ठेवलेल्या, आंबून फसफसलेल्या. तिला पाचवा महिना होता. महिनाभर ती खाल्लेलं सगळं ओकत होती. गालाची हाडं वर आली होती. सासू मंजुळाबाई म्हणत, "डोहाळे हायत, दुसरं काय!"

त्या दिवशी अंगणात शकूर कल्हईवाला भाता लावून बसला होता. रामरावांचं ताट, पाहुण्यांचे तांबे, सगळं लखलखीत करून झालं होतं. तेवढ्यात वच्छला पातेल्यासकट बाहेर धावली, पातेलं कसंबसं खाली ठेवलं आणि मोरीपाशी भडाभडा ओकली. "डोहाळे!" ओसरीवरून मंजुळाबाई म्हणाल्या. शकूरने सहज पातेल्यात डोकावलं आणि तोंड फिरवलं.

"मालक, हे काऊन नाही काढलं कल्हईले?"

"ते बायकायचं हाय," रामराव म्हणाले. "त्याले कोण पाह्यते?"

"तुम्ही पाहा ना एक डाव!"

रामराव वाकले. आत कल्हईचा मागमूस नव्हता. कडेला हिरवा, चिकट थर चढला होता आणि कण्यांनाही तोच रंग आला होता. त्यांनी उपरणं नाकाला लावलं.

"घ्या, एक घास घ्या," शकूर म्हणाला.

"येडा झाला काय बे?"

"तुमच्या घशाखाली उतरत नाही, तं त्या पोरीच्या पोटात काय होत असन? पितळेत ताक कळकलं की जहर होते, मालक. हे मंजुळाकाकूलेबी मालूम हाय. याले डोहाळे नोका म्हणू!"

मंजुळाबाई खांबाला टेकल्या. हळूच म्हणाल्या, "आमीबी असंच खात आलो. माहे दोन पोटातच गेले."

काय हे! दोन लेकरं गमावलेल्या बाईने तेच पातेलं सुनेच्या हाती द्यावं, आणि स्वच्छतेच्या मेंबराला ते कधी दिसू नये!

रामरावांनी स्वतः पातेलं उचललं, उकिरड्यावर पालथं केलं आणि राखेने घासून शकूरपुढे ठेवलं.

शकूर मंजुळाबाईंना म्हणाला, "काकू, कण्या मातीच्या गाडग्यात पाण्यात भिजू घाला. सकाळी चूल पेटलेलीच असते. उकळत्या पाण्यात टाका, मीठ-जिरं टाका. मालकाची चिलम संपेस्तोवर शिजते. वरून दूध घाला. सगळ्यायनं तेच खा."

दुसऱ्या दिवशी एकाच पातेल्यातून सगळ्यांना वाढलं. रामराव बायकोला म्हणाले, "बस, तू बी खाय."

वच्छला अंग चोरून बसली. पहिल्याच घासाला तिची जीभ पोळली. गरम खायची तिला सवयच राहिली नव्हती!

वाचकहो, आपल्या घरातली शेवटची पंगत काय खाते आणि कशात खाते, ते उद्या सकाळी स्वतः पाहा. जे आपण तोंडात घालणार नाही, ते घरातल्या कुणालाही वाढू नका.